ऱ्हुमॅटॉइड संधिवातात गॅलरीतली बाग, गजरा आणि क्रोशे कसं चालू ठेवावं?

नैर्ऋत्य_गॅलरी
नमस्कार मंडळी. सासूबाईंना (वय ६१) ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. मनगटं, बोटांची मुळं आणि मधली पेरं धरलेली आहेत. सकाळी तासभर तरी हात आखडलेले असतात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी (प्रतिकारशक्ती दाबून आजार आटोक्यात ठेवणारं औषध) चालू आहे आणि आजार सध्या बऱ्यापैकी आटोक्यात आहे. डॉक्टरांनी बागकाम बंद करायला सांगितलेलं नाही, "हातांवर ताण येऊ देऊ नका" एवढंच म्हणाले.

पुण्यात तिसरा मजला, इमारत सात मजली. गॅलरी साधारण दहा फूट बाय चार फूट, दुपारनंतर कडक ऊन. वीस-बावीस कुंड्या आहेत, बहुतेक १० आणि १२ इंची, सगळ्या जमिनीवर आणि साध्या लाल मातीत. मोगरा, जास्वंद, अबोली, तुळस, गवती चहा, पुदिना, दोन गुलाब, आणि एका मोठ्या कुंडीत जुना कढीपत्ता.

आता कुंडी सरकवता येत नाही, खुरपं धरवत नाही, कात्री दाबली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा ओवायची आणि दुपारी क्रोशे करायची सवय आहे, तेही हळूहळू सुटत चाललंय. माळी लावा हा सल्ला कृपया नको, कारण पाणी घालणं, फुलं काढणं, ओवणं हे त्यांना स्वतःच्या हातांनीच करायचं आहे. काय बदलावं, कुठून सुरुवात करावी?

हात_आणि_मनगट
हातांच्या ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे रोजची कामं हातांना झेपतील अशी करायला शिकवण्याचं काम करते, म्हणून हातांपासून सुरू करते. झाडांचं इथले जाणकार सांगतीलच.

"ताण" हा शब्द मोघम आहे. प्रत्यक्षात बागेतल्या तीन हालचाली टाळायच्या असतात: चिमटीत धरून जोर लावणं, मनगट वाकवून पिळणं, आणि एखादी वस्तू बराच वेळ घट्ट धरून ठेवणं. या आजारात सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं आणि सांधा बांधून ठेवणारे बंध सैल पडत जातात. सैल सांध्यावर रोज एकाच दिशेने जोर पडत राहिला की बोटं करंगळीच्या बाजूला झुकायला लागतात. म्हणून काम कमी करण्याआधी तेच काम मोठ्या सांध्यांकडे कसं देता येईल ते बघायचं. भरलेला मग कानाला धरून उचलला तर सगळं वजन दोन-तीन बोटांच्या मुळांवर येतं. तोच मग दुसरा तळहात बुडाखाली लावून उचलला की वजन कोपर आणि खांद्यांवर जातं. कुंडी सरकवायची असेल तर बोटांनी काठ धरून ओढायची नाही, तळहात किंवा पायाने ढकलायची.

वेळेबद्दल. बागेची हौस असलेली माणसं सकाळी उठल्या उठल्या गॅलरीत जातात आणि हात तेव्हाच सर्वांत आखडलेले असतात. आधी सोसवेल इतक्या कोमट पाण्यात आठ-दहा मिनिटं हात बुडवून मुठी उघडझाप करायची, मग चहा, आणि मग बाग. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी मात्र शेक नको, गार पट्टी बरी. तुमची गॅलरी नैर्ऋत्येला आहे म्हणजे सकाळी सावली मिळणार. नऊ ते अकरा ही वेळ हातांनाही सोयीची आणि झाडांनाही.

एका बैठकीला १५ ते २० मिनिटं पुरे. स्वयंपाकघरातला टायमर लावून ठेवा, कारण बागेत वेळेचं भान राहत नाही. आणि त्या वेळातही एकच काम सलग नको. पाच मिनिटं छाटणी, मग पाणी, मग सुकलेली पानं वेचणं, अशी पकड बदलत राहायची. जास्त झालं की नाही हे ओळखायला एक सोपा नियम आहे: काम संपल्यावर दुखणं दोन तासांपेक्षा जास्त रेंगाळलं तर काम जास्त झालं. पुढच्या वेळी निम्मं करा. थोडं दुखलं आणि तासाभरात उतरलं तर घाबरून बागच सोडून देऊ नका, हालचाल हातांना हवीच असते.

मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना गळून गेल्यासारखं होतं, मळमळतं. कुंडी बदलणं, छाटणी अशी कामं त्या दिवशी ठेवू नका. कॅलेंडरवर गोळीचा वार खूण करून बागेची मोठी कामं त्यापासून तीन-चार दिवस लांब ठेवली की झालं.

काम करताना घालायचा मनगटाचा पट्टा थेरपिस्टकडून मापाने घ्या. तयार मिळणाऱ्या पट्ट्यांत बऱ्याचदा पुढची कडा तळहातावर फार वर येते आणि बोटं मुठीत मिटत नाहीत. मग माणूस पट्टा काढून ठेवतो. पट्टा तळहातावरच्या आडव्या रेघेच्या खाली संपला पाहिजे. बागेत तो ओला आणि मातकट होतो, म्हणून वरून एक माप मोठा हातमोजा घालावा.

कोकोपीट_आणि_गांडूळखत
पहिलं काम वजन उतरवण्याचं. १२ इंची कुंडीत साधारण १२ ते १४ लिटर माती मावते. साधी लाल माती भिजली की ती कुंडी वीस किलोच्या पुढे जाते, आणि अशी कुंडी सरकवणं निरोगी हातांनाही जड आहे. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिश्रणात तीच कुंडी भिजल्यावर जवळपास निम्म्या वजनाची होते. शिवाय माती भुसभुशीत राहते, म्हणजे खुरपायची गरजच जवळजवळ संपते. खुरपणीपेक्षा ती न लागणं चांगलं.

प्रमाण: चार भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन भाग लाल माती, एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे). १२ इंची कुंडीला मूठभर नीमपेंड. माती पूर्ण काढून टाकू नका. नुसत्या कोकोपीटमध्ये अन्नद्रव्यं जवळपास नसतातच, मोगरा आणि जास्वंद महिन्या-दोन महिन्यांत पिवळे पडतात. या मिश्रणातही दर पंधरा दिवसांनी गांडूळखताचं पाणी किंवा पातळ केलेलं शेणपाणी लागेलच.

कोकोपीटची वीट हाताने फोडायला जाऊ नका, हे मुद्दाम सांगतो. ती दगडासारखी घट्ट असते आणि ती फोडताना नेमकं पिळणं आणि चिमटणं दोन्ही होतं. ६५० ग्रॅमची वीट घमेल्यात ठेवायची, तीनेक लिटर पाणी ओतायचं आणि तासभर विसरून जायचं. कोमट पाणी असेल तर आणखी लवकर. वीट आपोआप फुलून आठ-नऊ लिटर होते. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, त्यामुळे फुललेलं कोकोपीट जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून नळाखाली टांगायचं आणि दोनदा पाणी आरपार जाऊ द्यायचं. पिळायचं नाही, टांगूनच निथळू द्यायचं. धुतलेलं असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी एकदा पाणी काढाच. मीठ राहिलं तर पानांच्या कडा करपतात आणि लोक उन्हाला दोष देतात.

एक खोट आहे. कोकोपीट पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. पाणी कडेकडेने खाली निघून जातं, वरून ओलं दिसतं आणि मुळं कोरडी राहतात. तसं झालं तर कुंडी खोल ताटलीत ठेवून अर्धा तास खालून पाणी पिऊ द्यावं.

सगळ्या कुंड्या एकाच रविवारी बदलायच्या भरीस पडू नका. मोगरा जानेवारी-फेब्रुवारीत छाटल्यावर, जास्वंद आणि अबोली पावसाच्या सुरुवातीला, गवती चहा कधीही. आठवड्याला एक-दोन. जड उचलण्याचं तेवढं काम घरातल्या दुसऱ्याने करावं, आणि रोप बसवणं, माती सारखी करणं सासूबाईंनी.

उंची. जमिनीवरची कुंडी म्हणजे वाकणं, आणि उठताना मनगटावर भार देणं. हात्या असलेल्या साध्या प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. कुंडीचा काठ त्याच्या दोन-तीन बोटं खाली यायला हवा. १० इंची कुंडीची स्वतःची उंची साधारण २५ सेंटीमीटर, म्हणून बहुतेक घरांत ३५ ते ४० सेंटीमीटरचा लोखंडी स्टँड पुरतो. चार फुटी गॅलरीत एका भिंतीला एक फूट रुंद स्टँड लावला तर खुर्चीला आणि ये-जा करायला जागा राहते. कठड्यावर मात्र एकही कुंडी नको. हलक्या कुंड्या वाऱ्याने कलंडतात, पावसाळ्याआधी त्या ग्रिलला किंवा स्टँडला दोरीने बांधून टाका.

मोठ्या कुंड्यांखाली चाकांची ट्रॉली. चार चाकांपैकी दोन तरी ब्रेकची हवीत, गॅलरीला पाणी जाण्यासाठी उतार असतो.

अवजारं. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप एसी दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात फुटावर मिळतो. दांड्यापेक्षा किंचित लहान भोकाचा घ्यायचा, आतून साबणाचं पाणी लावून सरकवायचा, टोकाला चिकटपट्टी. मूठ तीन-साडेतीन सेंटीमीटर जाड झाली की बोटं पूर्ण आवळावी लागत नाहीत. तो पाणीही शोषत नाही. खुरप्याला, लहान फावडीला, स्वयंपाकघरातल्या झाऱ्यालासुद्धा हाच लावा.

कात्री रॅचेटवाली घ्या. तीत एकाच दाबात फांदी तुटत नाही. दाबा, सोडा, पुन्हा दाबा, अशी तीन-चार हलक्या दाबांत पातं टप्प्याटप्प्याने पुढे जातं. घेताना दुकानात दोन गोष्टी बघा: मिटल्यावर लावायची कडी अंगठ्याने सहज सरकते का, आणि पूर्ण उघडल्यावर मुठी त्यांच्या हातात मावतात का. पेन्सिलीहून बारीक फांद्यांना तीही नको. शिंप्याकडे धागे कापायचा स्प्रिंगवाला छोटा कटर असतो, तो मुठीत धरून नुसता आवळायचा, सोडला की आपोआप उघडतो. मोगऱ्याची कोवळी टोकं, सुकलेली फुलं, पुदिना, सगळं त्याने होतं. पातं महिन्यातून एकदा स्पिरिटने पुसून तेलाचा थेंब. बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो.

थेंबथेंब_पाणी
पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. तीन किलोची झारी रोज उचलण्यापेक्षा ठिबक लावा, खर्च फार नाही.

१६ मिलिमीटरची मुख्य नळी स्टँडच्या मागून, तिच्यातून प्रत्येक कुंडीला ४ मिलिमीटरची बारीक नळी, टोकाला तासाला ४ लिटर पाणी थेंबथेंब सोडणारी तोटी, म्हणजे ड्रिपर. १५ मिनिटांत एक लिटर. उन्हाळ्यात १२ इंची कुंडीला रोज एक ते दीड लिटर, थंडीत एक दिवसाआड अर्धा-पाऊण लिटर धरा. पावसात बंद.

पाण्याचा दाब आधी बघा. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. सात मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीपासून तिसरा मजला बारा-तेरा मीटर खाली येतो, म्हणजे तुम्हाला एक बारच्या वर मिळेल, उत्तम. वरच्या मजल्यावरच्यांनी किंवा बादली उंच ठेवून ठिबक करणाऱ्यांनी दाब सारखा ठेवणारे ड्रिपर घेऊ नयेत, कमी दाबाला ते धड चालत नाहीत. त्यांनी फिरवून प्रवाह कमी-जास्त करता येणारे घ्यावेत.

नळीत जोड खुपसायला अंगठ्याचा जोर भयंकर लागतो. ते काम दुसऱ्याने करावं, आणि त्यानेही नळीचं टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मगच. सुरुवातीला जाळीचा फिल्टर बसवाच. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ड्रिपरमध्ये क्षार बसतात. दोन-तीन महिन्यांनी काढून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकायचे.

नळ गोल चकतीचा असेल तर बदलून पाव फिरकीचा, लांब दांडीचा बसवा. तो मुठीच्या कडेने किंवा कोपरानेसुद्धा उघडतो. इतका छोटा बदल आहे, पण दिवसातून दहा वेळा लागतो.

कोकोपीट_आणि_गांडूळखत
ठिबक योग्यच, पण सगळ्या कुंड्या त्यावर टाकू नका असं माझं ठाम मत आहे. पाणी घालताना माणूस झाडाकडे बघतो. कळी आली, कीड लागली, पान मिटलं, हे त्याच वेळी कळतं. आणि मूळ प्रश्नात स्वच्छ लिहिलंय की पाणी घालणं त्यांना स्वतः करायचं आहे. जड पिणाऱ्या कुंड्या, म्हणजे मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा ठिबकवर. तुळस, अबोली, पुदिना खुर्चीच्या हाताशी आणि हाताच्या पाण्यावर. तुळशीला सकाळी पाणी घालायचं तर भरलेला तांब्या नको. अर्ध्या भरलेल्या स्टीलच्या पेल्याला दोन्ही तळहात लावून घालावं, किंवा पळी-पंचपात्र घ्यावं. बाकीच्यांना एक लिटरची प्लास्टिकची झारी, तीही निम्मी भरून.

थेंबथेंब_पाणी
पटलं. गावाला जाताना वातीचा उपाय हाताच्या कुंड्यांसाठी ठेवा: कुंडीच्या भोकातून वर मुळांपर्यंत वात, खाली पाण्याचा डबा. सुती वात दोन-तीन महिन्यांत कुजते, मायक्रोफायबरच्या पोछ्याचा दोर टिकतो. आधी भिजवून मगच घालायची, कोरडी वात पाणी चढवत नाही. पाण्याची पातळी मुळांपासून एक वीतभरच खाली असू द्या. डब्याला घट्ट झाकण आणि झाकणाला फक्त वातीपुरतं भोक, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास तिथेच होते. कुंड्यांखालच्या ताटल्याही आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून घ्या. नुसतं पाणी फेकून अंडी निघत नाहीत, ती काठाला चिकटलेली असतात.

नैर्ऋत्य_गॅलरी
खूप खूप आभार, इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. स्टँडची मापं आजच घेते. आणखी तीन शंका. औषधामुळे प्रतिकारशक्ती कमी असते, तर माती-खतात हात घालणं कितपत सुरक्षित? जास्वंदीवर पांढरे पिठ्या ढेकूण आहेत, फवारणीच्या बाटलीचा चाप त्यांना दाबवत नाही. आणि गजरा-क्रोशेबद्दल कुणी सांगेल का?

हात_आणि_मनगट
मातीचं मी सांगते. बंद करायची गरज नाही, पण काही गोष्टी पाळायच्याच. खताची पिशवी चिमटीत धरून फाडायची नाही. मोकळ्या हवेत, तोंड लांब ठेवून कात्रीने कापायची आणि लगेच आत थोडं पाणी शिंपडायचं. कोरड्या खताच्या धुळीतून फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून मिसळताना मास्क. हातमोजे तळव्याला रबराचा थर असलेले, एक माप मोठे. रबर घसरत नाही म्हणून अवजार कमी आवळावं लागतं, आणि मोठं माप असल्याने काढताना बोटं ओढली जात नाहीत. नुसते सुती मोजे ओले झाले की दोन्हीकडून तोटा.

गुलाब मी काढून टाकायला सांगेन. काट्याची जखम लहान दिसते, पण मातीतली एक बुरशी काट्यावाटे त्वचेखाली जाते आणि गाठी होतात. फारच जीव असेल त्या गुलाबांवर तर ते स्टँडच्या दूरच्या टोकाला, आणि छाटणी दुसऱ्याने करायची. कुठलीही जखम लाल झाली, पू झाला किंवा ताप आला तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी मेथोट्रेक्सेटचा पुढचा डोस घ्यायचा की थांबवायचा हेही त्यांनाच विचारा, आपल्या मनाने ठरवू नका.

या औषधाने काहींची त्वचा उन्हाला हळवी होते. दुपारनंतर तुमच्या गॅलरीत ऊन असतं, तेव्हा काम असेलच तर पूर्ण बाह्या आणि टोपी.

कोकोपीट_आणि_गांडूळखत
पिठ्या ढेकणांना आधी फवारा नकोच. जुन्या टूथब्रशला तोच फोमचा पाइप लावा, साबणाच्या पाण्यात बुडवून खोडाच्या बेचक्यांतून आणि पानांच्या मागून घासून काढा. हे बसून करायचं काम आहे आणि त्यात समाधानही आहे, किडीचा एकेक पुंजका निघताना दिसतो. फार पसरली असेल तर एक लिटर कोमट पाण्यात आधी दोन मिलिलिटर भांड्यांचा द्रव साबण, मग पाच मिलिलिटर नीमतेल. साबण आधी नाही टाकला तर तेल वर तरंगतं आणि फवाऱ्यातून कधी नुसतं पाणी, कधी नुसतं तेल येतं. पानं त्यानेच करपतात. ऊन उतरल्यावर फवारा, सात दिवसांनी पुन्हा. चापाऐवजी चार्जिंगचा दोन लिटरचा पंप मिळतो, बटण दाबलं की सुरू. तो भरून खांद्याला अडकवायचा नाही, स्टूलवर ठेवून फक्त नळी हातात घ्यायची. मुंग्या दिसत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, ढेकणांना एका झाडावरून दुसऱ्यावर त्याच नेतात.

सुई_दोरा_लोकर
गजऱ्याचं आणि क्रोशाचं मी लिहिते.

कळ्या साडेचार-पाचला काढायच्या, टपोऱ्या पण मिटलेल्या. नखाने देठ खुडण्यात चिमटीचा सगळा जोर जातो. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या मध्ये देठ घ्यायचा, तळहात वर, आणि हात अख्खा वर उचलायचा. कळी आपोआप सुटून तळहातात येते. नाहीच सुटली तर वर सांगितलेला शिंप्याचा कटर. कळ्या ओल्या मलमलीवर पसरून ठेवल्या की ओवेपर्यंत उमलत नाहीत.

ओवताना एका हातात बारीक सुई आणि दुसऱ्यात कळी, अशा दोन चिमट्या एकाच वेळी लागतात. त्यातली सुईची चिमटी काढून टाका. हाराची लांब सुई घ्या, १२ ते १५ सेंटीमीटरची. दुपदरी सुती दोरा ओवून नेढ्याकडचं टोक कपड्याच्या लाकडी चिमट्यात पकडवा. तो चिमटा टेबलाच्या कडेला आडवा ठेवून त्यावर डाळीचा भरलेला डबा ठेवा. सुईचं टोक टेबलाबाहेर आपल्याकडे येतं. आता कळी बोटांच्या बाजूंमध्ये सैल धरून देठाच्या जरा वर सुईवर सरकवायची. जोर लागत नाही, फक्त नेम लागतो. सुई भरली की चिमटा काढून कळ्या सगळ्या मिळून तळव्याने दोऱ्यावर ढकलायच्या. देठ एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवले तर गजरा भरगच्च दिसतो. सुईवर फार कळ्या कोंबू नका, ढकलताना देठाशी चिरतात. टेबल भिंतीकडे तोंड करून असू द्या आणि उठताना टोकावर बूच लावा, घरात लहान मूल असेल तर हे विसरून चालणार नाही.

अबोलीचे वळेसर मात्र गाठी मारून विणायचे असतात, त्याला बोटांची टोकं सतत लागतात. हात बरे असतील त्या दिवशी वितीएवढाच करावा, किंवा मोगऱ्याच्या गजऱ्यात मध्ये मध्ये अबोलीची फुलं सुईनेच ओवावीत. रंगही छान खुलतो.

क्रोशाला सर्वांत आधी सुती दोरा बाजूला ठेवायला सांगेन. सूत ताणत नाही, प्रत्येक टाक्याचा हिसका बोटावर येतो. गुळगुळीत अ‍ॅक्रिलिक किंवा मऊ लोकर घ्या, चार पदरी, आणि ४.५ ते ५ मिलिमीटरची सुई. बारीक सुईने घट्ट टाके पडतात आणि पुढच्या ओळीत सुई घुसवायला जोर लागतो. सुईच्या दांड्यावर फोम. पेन धरतो तशी धरण्याऐवजी सुरी धरतो तशी धरून बघा: सगळं काम अंगठ्याच्या टोकाऐवजी तळहात आणि कोपराकडे जातं. सवयीला आठवडाभर लागतो, पहिल्या दिवशी टाके वेडेवाकडे येतील.

दोरा ताणून धरण्यासाठी डाव्या करंगळीला गुंडाळायची पद्धत असते, ती या हातांना वाईट. त्याऐवजी लोकर मानेमागून फिरवून घ्या, किंवा खांद्यावर मोठी सेफ्टी पिन लावून तिच्यातून आणा. ताण तिथेच मिळतो, डावा हात मोकळा राहतो. पिन लावायचं काम दुसऱ्याने करून द्यावं.

काय विणायचं हेही ठरवून. अख्खी शाल मांडीवर वाढत गेली की तिचं वजन मनगटाला लोंबतं. चार इंची चौकोन विणा आणि शेवटी जोडा. एक चौकोन एका बैठकीत होतो, थांबायची जागा आपोआप मिळते. मांडीवर उशी, उशीवर दोन्ही हात, म्हणजे खांदे उचलले जात नाहीत. दहा मिनिटांनी हात उघडून बोटं पसरायची. बागेच्या १५-२० मिनिटांपेक्षा इथली बैठक लहानच ठेवा, कारण यात पकड बदलत नाही.

हात_आणि_मनगट
सुरीसारख्या पकडीला माझा दुजोरा. एक भर: छाटणी आणि क्रोशे एकाच दिवशी नको, दोन्हीत आवळणारे स्नायू तेच. पाणी, फुलं काढणं आणि क्रोशे असा दिवस चालेल. सांधे गरम होऊन सुजतील त्या दिवसांत फक्त फुलं काढणं, बाकी ठिबकवर आणि घरच्यांवर.

नैर्ऋत्य_गॅलरी
चिमटा आणि डाळीच्या डब्याचं ऐकून सासूबाई लगेच सुई शोधायला उठल्या! शेवटचं विचारते, कढीपत्ता मोठ्या कुंडीत आहे, पाच वर्षं माती बदललेली नाही. तो हलवायचा कसा?

कोकोपीट_आणि_गांडूळखत
हलवूच नका. आहे त्याच जागी फेब्रुवारीत वरची पाच-सहा सेंटीमीटर माती जाड मुठीच्या डावाने काढा. मुळं दिसायला लागली की थांबा. त्या जागी दोन लिटर गांडूळखत आणि मूठभर नीमपेंड भरून पाणी द्या, वर सुक्या पानांचा थर. त्याच वेळी शेंडे हातभर खाली छाटा म्हणजे नवी फूट बसल्या जागी हाताला येईल. पानं काढताना एकेक पान ओरबाडायचं नाही, अख्खी डहाळी कटरने कापायची. दरवर्षी एवढं केलं तर कुंडी आणखी काही वर्षं बदलावी लागणार नाही. पाणी घातल्यावर ते वर साचून राहायला लागलं किंवा खालच्या भोकांतून मुळं बाहेर आली, तेव्हा मात्र बदला, आणि त्या दिवशी घरात दोन धडधाकट माणसं असू द्या.